दासीची हनुवटी

माझी हनुवटी दोन बोटांत धरून तो म्हणाला, "मासळीचा वास येतोय हो." समोरच्या सोफ्यांवर बसलेले आठ-दहा जण हसले. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच. ही माझी चूक, आधीच कबूल करून टाकते. आता आजी झाले, गुडघे कुरकुरतात, तरी ते हसणं आठवलं की त्या बाईला एक धपाटा घालावासा वाटतो. सेहेचाळीस वर्षांची घोडी आणि खुळ्यासारखी खिदळतेय. वर मनात काय, तर आपलं काम रंगतंय.

काम कसलं, ते सांगते.

मस्कतच्या एका हॉटेलात मी लिनन रूममध्ये शिवणकाम करायचे. पडदे, चादरी, वेटरांचे कोट. मूळची वसईची, ख्रिस्ती. नवरा लांब दुक्म गावी रिफायनरीच्या कामावर, महिन्यातून एकदा यायचा. मी मस्कतमधल्याच गाला भागात, गॅरेजांच्या मागे, एका खोलीत. इथल्या हौशी मराठी नाटकवाल्यांना कपडे शिवायला कुणीतरी हवं होतं. कुणीतरी माझं नाव दिलं. तालमी शुक्रवारी, मदिनत सुलतान काबूस या साहेबलोकांच्या वस्तीतल्या एका व्हिलात. घर वैजयंतीताईंचं. दिग्दर्शन त्यांचं, आणि नायक त्यांचा नवरा प्रसाद. एरवी तो एका ट्रेडिंग कंपनीत मोठा साहेब. तेव्हा मी त्याला सर म्हणायचे. तो मला मावशी म्हणायचा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता.

नाटक जुनं इंग्रजी, ताईंनी मराठीत आणलेलं. तिकडे राजा परदेशातून परत येऊन गादीवर बसला, बंद पाडलेली नाटकघरं उघडली आणि बायकांना पहिल्यांदाच रंगमंचावर उभं राहू दिलं, त्या काळातलं. नायक म्हणजे एक रंगेल सरदार. डोक्याला केसांचा टोप, मनगटाला लेस, आणि गावातल्या प्रत्येक बाईवर डोळा. लेस मीच लावली.

पहिल्याच दिवशी मी टेबलावरची संहिता उचलून वाचत बसले, तर प्रसाद म्हणाला, "अरे वा, तुम्ही लोक मराठी वाचता?"

दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. माझे आजोबा चर्चमध्ये मराठीतून प्रार्थना सांगायचे. हे बोलायला हवं होतं. मी काय म्हणाले? "हो सर, थोडं थोडं."

वाचता येतं म्हटल्यावर मला प्रॉम्प्टर केलं. ताईंचा एक नियम होता. तालमीत नवीन काही सुचलं आणि ठेवायचं ठरलं, की प्रॉम्प्टरने ते त्याच दिवशी वहीत लिहायचं. काढलेलं खोडायचं. नट अडकला की वहीत आहे तेच द्यायचं, आपल्या मनातलं नाही. मी नियम अगदी देवाच्या आज्ञेसारखा पाळला.

दासीचं काम करणारी शिल्पा सहा आठवडे सुट्टीवर पुण्याला गेली होती. ताई म्हणाल्या, "अगं, तिच्या जागी तू नुसती उभी राहा. वाक्यं तर तुला पाठच आहेत." मी उभी राहिले आणि वसईला बहिणीला फोन केला, मला नाटकात काम मिळालं. मग दुक्मला नवऱ्याला. तो म्हणाला, "हुकूम ऐकायचं काम तर तू रोजच करतेस. त्याला नाटक कशाला?" चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. आणि सांगायला लाज वाटते, उरलेल्या लेसमधून मी स्वतःच्या मापाचा दासीचा ॲप्रन शिवून ठेवला.

प्रसादचं सरदाराबद्दल एक मत होतं. दर तालमीला चहाबरोबर ते ऐकावं लागायचं. "माझा सरदार वाईट नाही, खट्याळ आहे. पडदा पडायच्या आत बायकांनी त्याला माफ केलं पाहिजे." हे सांगताना एक भुवई वर जायची. माणूस देखणा होता, खोटं कशाला बोलू. मीही पाघळलेच.

पण वही माझ्या मांडीवर असायची. वहीतला सरदार वेगळा होता. वय उतरणीला लागलेला, एकटं राहायला भिणारा, आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असलेला. लिहिणाऱ्याने त्याला गोड केलं नव्हतं. आणि त्याच्यासमोर उभी केलेली दासी जिभेची तिखट होती. सरदार तिची हनुवटी धरून म्हणतो, "दासीच्या मानाने दात बरे आहेत." ती म्हणते, "तुम्ही आलात की आम्ही दार उघडतो सरदार, आणि गेलात की खिडक्या." मला ते वाक्य फार आवडायचं. खोलीत भांडी घासताना म्हणायचे.

दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "हे काढू या. इथे माझा लाफ्टर मारला जातो." ताईंनी मान हलवली. मी रेघ मारली.

त्या जागी मासळी आली. मंडळाचे पाहुणे तालीम बघायला बसले होते, तेव्हा त्याला सुचलं. म्हणाला आणि लेसच्या रुमालाला बोटं पुसली. लोक हसले, म्हणून ठेवलं. ठेवलं, म्हणून मी वहीत लिहिलं, वळणदार अक्षरात. "मासळीचा वास येतोय हो. (बोटं पुसतो.)" लिहिताना हात थांबला? नाही. "ळ"चे दोन्ही गोल नीट काढले.

वसईची ख्रिस्ती म्हणजे मासळी, एवढंच त्याला माहीत. आम्ही केळीच्या वाड्यांतले. आमच्या घरातलं कुणी होडीवर गेलं नाही. आणि गेलं असतं, तरी त्यात हसण्यासारखं काय? पण हे डोकं आजचं. तेव्हाचं डोकं सांगते. मी गुरुवारी मासळी करायचं बंद केलं. शुक्रवारी निघताना साबणाने दोनदा तोंड धुवायचे, मानेला अत्तर लावायचे. आणि तो म्हणायचाच. दर शुक्रवारी. त्यासाठी जरा थांबायलाही मी शिकले होते, म्हणजे लोकांचं हसणं पुरं होतं.

मग शिल्पा परत आली.

दासीच्या जागी ती उभी राहिली, मी कोपऱ्यात वही घेऊन बसले. त्याने तिची हनुवटी धरली नाही. बोटं हवेतच ठेवली. "दासीच्या मानाने दात बरे आहेत," म्हणाला आणि थांबला. मला वाटलं, अडकला. मी दिलं, "मासळीचा वास येतोय हो."

तो पुढच्या वाक्याला गेला. मी पुन्हा दिलं.

"ते नको आता," तो म्हणाला.

"वहीत आहे सर."

"मग खोडा. मावशी, ते तुमच्यासाठी होतं. शिल्पाला कसं म्हणणार?"

"का?"

तो ताईंकडे बघून हसला. "आता यांना काय सांगू."

सांगायची गरज नव्हती. सहा आठवडे मला वाटत होतं, मी नाटकात उभी आहे आणि समोर सरदार आहे. सरदार तिथे नव्हताच. शिल्पा आली तेव्हा नाटक सुरू झालं. त्याआधी जे झालं ते एका साहेबाने हॉटेलातल्या बाईला केलं होतं, आणि ते मी माझ्या हाताने लिहून ठेवलं होतं.

ताईंना विषय संपवायचा होता. म्हणाल्या, "अगं, शिल्पाला जागा दाखव ना. कुठे वळायचं, कुठे थांबायचं."

मी वही शिल्पाच्या हातात दिली. "दाखवते. पण दासी सर होऊ देत, सरदार मी करते. म्हणजे तिला दोन्ही बाजू दिसतील."

लोकांना गंमत वाटली. शिल्पाने आपली ओढणी त्याच्या डोक्यावर टाकली. "यल्ला, चला," तो म्हणाला आणि उभा राहिला. खेळकर होता ना.

मी काही वाढवलं नाही. तो करायचा तेवढंच केलं. तीच चाल, तीच भुवई, तेच माफी गृहीत धरलेलं हसू. हनुवटी धरली. तोंड दिव्याकडे वळवलं. गाढव घेताना बघतात तसे दात बघितले. "दासीच्या मानाने दात बरे आहेत." कुणीतरी फिसकन हसलं. मी हनुवटी सोडली नाही. हनुवटी धरली की माणसाला बोलता येत नाही. मला ते सहा आठवडे ठाऊक होतं, त्याला त्या दिवशी कळलं. मग मी सोफ्यांकडे बघितलं, त्याच्याकडे नाही. तोही तसंच करायचा. मासळीचं वाक्य त्याने खोडायला लावलं होतं, ते म्हटलं नाही. रुमाल काढला आणि एकेक बोट पुसलं. सावकाश.

कुणी हसलं नाही. ओढणी घेतलेला तो, तोंड अर्धवट उघडं. काहीतरी म्हणायचं होतं त्याला. दासीला तिथे वाक्य होतं. ते त्यानेच काढलं होतं.

"बास," तो म्हणाला. "हे कॉमेडी वाटतंय का कुणाला?"

"मी तुमचाच सरदार केला, सर."

"तुम्ही त्याला घाणेरडा केलात."

"मी काहीच बदललं नाही. दासी बदलली."

टेप आणि कात्री पिशवीत टाकली. त्याच्या कोटाची एक बाही टाचायची राहिली होती, ती तशीच ठेवली. म्हणाले, "कपडे दुसऱ्या कुणाकडून पुरे करून घ्या. वही मी धरणार नाही. आणि मला मावशी म्हणायचं नाही. मी तुमच्याहून लहान आहे." शिल्पाने तोंड फिरवलं. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

त्यानंतर माझ्यावर कुणी विनोद केला, की मी आधी बघते, हाच विनोद हा माणूस शेजारच्या बाईवर करेल का? करणार नसेल, तर तोंड दगडासारखं ठेवते आणि कारण विचारते. हॉटेलात मॅनेजरला विचारलं. चर्चच्या कमिटीत विचारलं. मुलाच्या लग्नात व्याह्यांना, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत विचारलं. लोक खडूस म्हातारी म्हणतात. म्हणू देत. हात-पाय चालतात तोवर विचारणार, आणि उत्तर येईपर्यंत समोरून हलणार नाही.

त्या दुपारी मी फाटकाबाहेर टॅक्सीची वाट बघत होते. ताई मागून आल्या, चपला न घालता. तापलेल्या फरशीवर एकेक पाय उचलत उभ्या राहिल्या. मला वाटलं, माफी मागतील. तेवढी खुळी मी अजून उरलेच होते. त्यांनी एकदा घराकडे वळून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"तू केलास तोच खरा. मी वीस वर्षं बघतेय त्याला. पण प्रयोग त्याच्याच सरदाराचा होणार, आणि तू परत यायचं नाहीस."