अक्काच्या गोळ्या

माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी हल्ली सतत वाती वळत असतात, कापूस नसताना. शेजारीण म्हणाली, बरंय, तुमचा जप अखंड चालतो. मी तिला जपच म्हणू दिलं. पार्किन्सन्स म्हटलं की लोक खुर्ची ओढून बसतात आणि त्यांच्या मामेसासऱ्यांना काय काय झालं होतं ते सांगतात.

निदान झालं त्या दिवशीही मला विशेष काही वाटलं नाही. डॉक्टर समजावत होते आणि मी त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघून नळाला पाणी कोणत्या वारी येईल ते मोजत होते. पाण्याचा वार चुकला तर मला खरंच रडू येतं. त्या दिवशी रडू आलं नाही. आमचे हे मात्र सिडकोतल्या घरी पोहोचेपर्यंत घाम पुसत होते.

हात थरथरतो ते लोकांना दिसतं. चेहरा थांबलाय ते कळत नाही. त्यांना वाटतं, बाई रागावली. करमाडच्या शाळेत मी जन्मभर शिकवलं, तिथं मी रागवायचे आणि तो राग खरा असायचा. आता राग नाही, आनंदही पूर्वीसारखा उसळत नाही, आणि जो थोडाफार येतो तो तोंडापर्यंत पोहोचत नाही. आरशात बघितलं की वाटतं, या बाईकडं आपण काही मागायला आलोय आणि ती देणार नाही.

याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला. अक्का पाचोडला असते. आई लवकर गेली, तेव्हापासून माझी वेणी तिनंच घातली. दर महिन्याला एसटीनं येते, तीन-चार दिवस राहते आणि माझ्या स्वयंपाकघराची उलथापालथ करून जाते. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पूर्वी लोक केळी आणि बिस्किटांचे पुडे न्यायचे. अक्का गोळ्या आणायला लागली. बाजार करून झाला की मेडिकलवाल्याला सांगायची, बहिणीला अशक्तपणा आहे, चांगल्यातलं दे. तिच्या लेखी जगात एकच आजार होता.

"हाताला थरथर सुटली म्हंजी अंगात ताकद नाय. दुसरं काय नाय," असं तिनं डॉक्टरांच्या आधीच सांगून टाकलं होतं.

असं करता करता कपाटात बी-बाराची बाटली आली, डीची पुडी आली, आणि रक्त वाढायची लोहाची लाल गोळी आली. मी हरकत घेतली नाही. माझा त्यावर विश्वास होता असं नाही, पण अविश्वास दाखवायलाही जरा जोर लागतो. अक्का असली की गोळ्या तीच द्यायची. आधी दोन घास खा, उपाशीपोटी गोळी घ्यायची नसते, हे आमच्या घरात आईच्याही आधीपासूनचं. पोटभर भाकरी झाली की ती डॉक्टरांची मुख्य गोळी आणि आपल्या सगळ्या गोळ्या माझ्या तळहातावर एकदम ठेवायची, वर दुधाचा पेला. एकदाच गिळ, ब्याद गेली. मी गिळायचे. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या असं डॉक्टर म्हणाले होते, एरवी मी तेवढी एकच, तशीच घ्यायचे, पण अक्कापुढं डॉक्टर म्हणजे काल आलेलं पोर.

आणि अक्का असली की माझं हमखास बिघडायचं. पाय जमिनीला चिकटायचे, न्हाणीच्या उंबऱ्यावर मी उभीच्या उभी राहायचे. हात तर ऐकायचाच नाही. एकदा ती परत निघाली तेव्हा मी नेहमीसारखी करंडा घेऊन कुंकू लावायला गेले आणि बोट तिच्या भुवईवर गेलं. तिनं हसून पुसलं. पुढच्या खेपेला मी लावलंच नाही. करंडा तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, तूच लावून घे. सवाशीण घरातून निघते आणि घरची बाई तिला आपल्या हातानं कुंकू लावत नाही, याचा अर्थ आमच्याकडं सरळ आहे, परत येऊ नको. वर माझं हे तोंड. अक्कानं कुंकू लावून घेतलं आणि पिशवी उचलून गेली.

त्यानंतर ती दोन महिने आली नाही. मला चैन पडत नव्हतं असं लिहायला हवं, पण खरं तर मी दुपारी झोपायचे. फक्त एसटीच्या वेळेला जाग यायची.

मग आली, नव्या बाटलीसकट. दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा तांब्या सांडला आणि ह्यांच्या तोंडून निघून गेलं, की अक्का, तुम्ही आलात की हिचं जास्त होतं. ह्यांना तक्रार करायची नव्हती. ते फक्त बघितलेलं सांगत होते, हिशेबाच्या माणसासारखं. अक्कानं फडकं घेऊन पाणी पुसलं. मग माझ्याकडं वळली.

"मी आल्यालं आवडत नाय व्हय तुला? तसं आसंल तर सांग. मी नाय येणार."

मी म्हटलं, आवडतं. माझाच आवाज मला बातम्या वाचल्यासारखा वाटला. तिनं पिशवी भरायला घेतली. तेव्हा मात्र मला भीती वाटली, अगदी स्पष्ट. किती दिवसांनी काही तरी वाटलं म्हणून मी तिची पिशवी धरून ठेवली आणि म्हणाले, उद्या डॉक्टरकडं माझ्यासोबत चल, मग जा.

डॉक्टरांनी तिच्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडून घेतल्या. हसले नाहीत, हे बरं झालं. रिपोर्ट बघून म्हणाले, बी-बारा आणि डी कमीच आहे, ते राहू द्या. त्यानं थरथर जाणार नाही, पण शरीराला हवंय. रक्त चांगलं आहे, लोहाची गरज नाही. ते लोह मुख्य गोळीसोबत पोटात गेलं तर गोळीला अंगात नीट उतरू देत नाही. भरल्या पोटी, दुधासोबत घेतली तरी ती कमी लागू पडते. म्हणून अक्का असली की माझं बिघडायचं.

अक्कानं पदर नीट केला. "म्हंजी माझ्याच्यानंच वाढलं?"

"आजार वाढला नाही, मावशी. गोळी लागू पडत नव्हती. आता पडेल."

रिक्षात तिनं जालना रोडभर बाटल्यांची पिशवी मांडीवर धरून ठेवली होती. घरी आल्यावर लाल गोळ्यांची पुडी पिशवीत टाकत म्हणाली, मीच खाईन, पैसं काय झाडाला लागत्यात. तेव्हा कळलं, ही येणार.

चार दिवस तिनं माझ्यावर पहारा ठेवला. आधी दोन घास खा म्हणणारी अक्का आता मी गोळी घेतली की ताटावर झाकण ठेवून शेजारी बसायची आणि अर्धा तास भाकरीला हात लावू द्यायची नाही. हे घड्याळाकडं बघायचे, ती ह्यांच्याकडं. भुकेनं माझ्या पोटात कावळे ओरडायचे.

निघायच्या दिवशी जेवण झालं, हात बऱ्यापैकी थांबलेला होता. मी करंडा आणला. अक्कानं कपाळ पुढं केलं आणि डोळे मिटून घेतले, लहानपणी मी तिच्यापुढं बसायचे तशी. कुंकू जरा वर लागलं, पण कपाळावरच लागलं. मला बरं वाटलं. हल्ली जेवढं वाटतं तेवढं, पण वाटलं.

तिनं कपाटाच्या आरशात बघितलं. मग माझ्याकडं.

"आता तरी हस की, बाई."

"हसतेय, अक्का."

माझी हनुवटी धरून ती बराच वेळ बघत राहिली. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता.

"व्हय," ती म्हणाली, "दिसतंय." आणि पुढच्या महिन्यात बी-बारा आणते म्हणून जिना उतरली.