मनकर्णेचे हात

हिवरखेडात मांडे खावे तर मनकर्णाबाईच्या हातचे, असं सगळं गाव म्हणतं. पूर्वी तिच्या सासूच्या हातचे म्हणत. सासू गेली आणि तो मान आपसूक मनकर्णेकडे आला. मांडे म्हणजे साधी पोळी नव्हे बरं. चुलीवर मडकं उपडं घालायचं. ते चांगलं तापलं की मळून मळून सैल केलेली तेलपाण्याची कणीक हातावर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर अशी झुलवायची, की ती कोपरापर्यंत उतरते. इतकी पातळ, की पलीकडचा निंब दिसावा. मग एका झटक्यात मडक्यावर. ज्याला जमलं त्याला जमलं, बाकीच्यांची कणीक मातीत जाते.

मांडा हातावर आला की मनकर्णा जागेवर नसायचीच. कोणी हाक मारली तरी तिला ऐकू यायचं नाही. त्या ओल्या पांढऱ्या पडद्यातून तिला अंगण हलताना दिसायचं, माणसं पाण्याखाली उभी असल्यासारखी दिसायची, आणि ती थेट माहेरी जायची. वान नदीच्या उथळ पाण्यात, फ्रॉक भिजवून गळ्यापर्यंत बसलेली. पायाशी वाळू सरकते आहे, कोणी बोलवत नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही. मांडा मडक्यावर पडला की ती परत यायची. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून तरी काय, लोक म्हणाले असते बाई येडी झाली.

तर अशा या बाईचे हात खाजायला लागले.

सुरुवात झाली थंडीत, हरभरा सोंगताना. "आंब लागली असन," देवराव म्हणाले. देवराव म्हणजे तिचे यजमान, बोलणं कमी आणि अंदाज जास्त. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंबट आंब अंगाला लागली की खाजतंच, त्यात नवल काय. पण हरभरा घरात आला, पोती शिवून झाली, आणि खाज काही घरची वाट धरेना. मग देवरावांनी गाजरगवतावर संशय घेतला आणि शेताच्या बांधावरचं, धुऱ्यावरचं सगळं गवत उपटून जाळलं. खाज होती तिथेच. हातावरून पाठीवर गेली, पाठीवरून पोटऱ्यांवर उतरली. कातडीखालून मुंग्या चालताहेत असं वाटायचं, आणि बघावं तर पुळी नाही, चट्टा नाही, नुसती कोरडी कातडी आणि नखांच्या रेघा.

मनकर्णेनं मनाशी ठरवून टाकलं की ही खरूज आहे. एकदा ठरवलं की ही बाई ब्रह्मदेवाचं ऐकत नाही. रोज कडुनिंबाचा पाला उकळायचा, हात भाजेल इतक्या गरम पाण्यानं अंघोळ करायची, उग्र वासाच्या साबणानं खसाखसा घासायचं आणि तेलाचा थेंब अंगाला लागू द्यायचा नाही, कारण तेलानं खरूज पसरते असं तिला कोणीतरी लहानपणी सांगितलं होतं. पाणी अंगावर पडलं की घटकाभर बरं वाटायचं. पण अंग सुकलं की दुप्पट. मग दुसऱ्या दिवशी पाणी आणखी गरम.

एका बारशाला मांडे करता करता तिनं मध्येच कणीक खाली ठेवली आणि कोपर खाजवलं. दोन बायांनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढं पुरे झालं. गावात बातमीला पाय लागतात, गाडी लागत नाही.

शेजारच्या गोदाबाईच्या पायलचं लग्न वैशाखात ठरलं होतं. गोदाबाई आणि मनकर्णा एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन या गल्लीत आल्या. एकीच्या घरी भाजी फसली की दुसरीच्या घरून वाटी यायची. पायल लहानपणी मडक्याशेजारी ठाण मांडून बसायची, कारण पहिला मांडा नेहमी फाटतो आणि फाटका मांडा पाहुण्यांना वाढत नाहीत, तो पोरीच्या वाट्याला यायचा. "तुह्या लग्नात मांडे मीच करीन," असं मनकर्णेनं तिला इतक्यांदा सांगितलं होतं, की ते लग्नाआधीच ठरलेलं होतं.

एका सकाळी गोदाबाई आली. एवढ्या उन्हात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज, वर पदर गुंडाळलेला. ओसरीवर टेकली नाही.

"मनकर्णे, यंदा तू आराम कर. मांड्यासाठी तेल्हाऱ्याची शकुन येऊन राहिली."

"काहून वो? माह्ये हात मोडले का?"

"तसं नाई माय. तुले बरं नाई, म्हणून म्हटलं."

आणि चहाला न थांबता गेली. मनकर्णेला फार लागलं. रागवावं तर रागवायलाही तोंड नव्हतं, कारण तिला स्वतःलाच आपल्या हातांची भीती वाटू लागली होती. पोरीच्या लग्नात आपल्या हातचं कोणी खाणार नाही, पुढे मग कुठल्याच लग्नात नाही. मांडे गेले की आपण या गावात कोण? देवरावची बायको, बस.

त्या दुपारी निंबाखाली खाटेवर पडल्या पडल्या तिचा डोळा लागला. ती वानेच्या पाण्यात बसली होती आणि तिची कातडी अलगद सुटून मांड्यासारखी पाण्यावर तरंगत चालली होती, पांढरी, पातळ, आरपार. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. ती नुसती बघत होती. कातडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं, की जाग आल्यावर रडू आलं. देवरावांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते तिला अकोल्याला घेऊन गेले.

कातडीची डॉक्टरीण तरुण होती. तिनं हात पाहिले, पाठ पाहिली आणि विचारलं, "पाळी कशी आहे?"

"बाई, मी खाजीसाठी आली," मनकर्णा म्हणाली.

"त्यासाठीच विचारते."

देवराव तेवढ्यात उठून बाहेर गेले. त्यांना पळायला अशी कारणं बरोबर सापडतात. मनकर्णेनं सांगितलं, की मागच्या पावसाळ्यापासून तिचा नेम राहिला नाही, येते तेव्हा येते, आणि मध्येच अंगातून आगीचा लोळ उठतो. डॉक्टरीण म्हणाली, पाळी जायला लागली की कातडी कोरडी पडते, पातळ होते, पुष्कळ बायकांना असं खाजतं. कोणाला लागण होत नाही. साखर आणि थायरॉइड तपासून घेऊ, दुसरं काही नको असायला. तपासणी नीट निघाली. मग तिनं अंघोळीचं विचारलं आणि ऐकून कपाळाला हात लावला. उकळत्या पाण्यानं आणि साबणानं अंगात उरला होता तेवढा ओलावाही बाईनं रोज घासून काढला होता. आता कोमट पाणी, साबण नावापुरता, अंग ओलसर असतानाच तेल, सुती कपडे, आणि एक मलम.

परतीच्या एसटीत देवरावांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "काय म्हने बाई?"

"पाळी जाऊन राहिली म्हने. त्याची खाज हाय."

देवरावांनी तिच्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "म्हंजे खरूज नाई?"

"नाई."

"मंग थे तेल्हाऱ्याची कायले येते?"

मनकर्णा हसली. किती दिवसांनी हसली. मग तिला सासू आठवली. उतरत्या वयात म्हातारी दाराच्या चौकटीला पाठ घासायची आणि घरातली सगळी हसायची. म्हातारीला कोणी विचारलंच नव्हतं. एसटी धुळीतून चालली होती, ऊन खिडकीतून मांडीवर येऊन बसलं होतं, आणि मनकर्णेला वाटलं, सासू शेजारच्या सीटवर बसली आहे. तिनं मनातल्या मनात म्हातारीची पाठ खाजवून दिली.

तेल लागलं तशी कातडी नमली. खाज पार गेली नाही, पण माणसात आली. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मनकर्णा धुवट सुती लुगडं नेसून गोदाबाईच्या मांडवात गेली. बाया तांदूळ निवडत होत्या. तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे करून सगळ्यांसमोर धरले.

"मले खरूज नाई," ती म्हणाली. "माही पाळी जाऊन राहिली. डॉक्टरनं सांगतलं, त्यानं अंग खाजते. कोनाले लागत नाई. आता बोला काय बोलाचं थे."

सुपं थांबली. मांडवाच्या बांबूला दोर बांधणारा एक गडी शिडीवरून उतरून मुकाट निघून गेला. पाळी हा शब्द त्या अंगणात इतक्या मोठ्यानं आजवर कोणी उच्चारला नव्हता. बाया गोदाबाईकडे पाहू लागल्या. गोदाबाई उठली. मनकर्णेला वाटलं, आता ही आपल्याला हाकलते. पण गोदाबाईनं तिचा दंड धरला, तिला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि ब्लाऊजची बाही वर सरकवली.

मनगटापासून दंडापर्यंत नखांच्या रेघाच रेघा.

"मले वाटे, तुह्यापासून लागलं," गोदाबाई म्हणाली आणि खाटेवर बसून रडायलाच लागली. "व्याह्यायनं पाह्यलं असतं त? पोरीचं लग्न मोडलं असतं त?"

"अन् तू मले तोडलं," मनकर्णा म्हणाली. राग आला होता तिला, खराखुरा. "एक शब्द बोलली असतीस त मी तुले घेऊन अकोल्याले गेली असती."

मग तिनं कोनाड्यातली तेलाची बाटली घेतली, खाली बसली आणि गोदाबाईचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. रगडून रगडून तेल लावलं, थोडं रागानंच. "व्याही जाऊ दे," ती म्हणाली, "मंग तुले डॉक्टरकडे नेतो. आधी तपासून घेऊ, मंग रड."

लग्नाच्या दिवशी दोन चुली पेटल्या. तेल्हाऱ्याची शकुन आलीच होती, तिला मनकर्णेनं दुसरं मडकं दिलं, माणूस घरी बोलावून परत कोण पाठवतं. पहिली कणीक मनकर्णेनं आपल्या हातावर घेतली नाही. गोदाबाईला समोर बसवलं, बाह्या वर करायला लावल्या आणि ती गार ओली कणीक तिच्या हातांवर सोडली. गोदाबाईला आयुष्यात मांडा जमला नव्हता. तो लोंबला, ताणला, कोपरापर्यंत उतरून तिथेच चिकटून राहिला.

गोदाबाईनं डोळे मिटले. तोंडावरचा ताण हळूहळू सुटत गेला.

"थंड लागते वो," ती पुटपुटली. "सारं गप झालं."

हळदीनं पिवळी झालेली पायल नवरीच्या वेषात मडक्याशेजारी येऊन उभी होती, फाटका मांडा तिच्या हक्काचा होता म्हणून. "आई," तिनं हाक मारली. पुन्हा मारली.

गोदाबाईला ऐकू आलं नाही. मनकर्णेनं पायलला हातानंच थांब म्हणून सांगितलं.