आईच्या सिंकची उघाडी

आमच्या घरात उभा ओटा झाला तो आईच्या गुडघ्यांमुळे. मोरीत बसून भांडी घासली की उठताना तिला भिंत लागायची, नाहीतर मी. पेणच्या खाली, खाडीला लागून आमचं गाव. तोवर गावात कुणाकडेच सिंक नव्हतं. बाबांना तो शहरी थाट वाटत होता, तरी त्यांनी बसवून घेतलं, कारण आईला भिंत धरून उठताना त्यांना बघवत नव्हतं. तसं ते बोलले मात्र कधीच नाहीत. आमच्याकडे माया दाखवतात ती तोंड वाकडं करूनच.

घोळ झाला तो पाइप टाकताना, आणि तो आमच्याच माणसांकडून व्हावा असा होता. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं, तेव्हा बाप्ये सगळे शेतात खारं पाणी शिरू न देणारे खारबांध सांभाळायला जातात. घरची कामं निघतात ती मधल्या दिवसांत, भांगाला, म्हणजे भरती जेमतेम येते तेव्हा. पेणचा फिटर आला तोही भांगालाच. बाबांनी त्याला घरामागचा खाडीचा फाटा दाखवला, भांगाचं पाणी कुठवर चढतं ते दाखवलं आणि पाइपचं तोंड त्याच्या वीतभर वर काढून घेतलं. उधाणाचं पाणी बाबांना तळहातासारखं ठाऊक, पण ते बांधावरचं. स्वयंपाकघराचाही त्याच्याशी संबंध येईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्या पौर्णिमेला भर दुपारी सिंक बोलायला लागलं. जाळीतून गुळगुळ आवाज, बुडबुडे आणि खाऱ्या चिखलाचा वास. खाली भरती पाइपात शिरत होती आणि आतली हवा वर ढकलत होती. मी हातातलं ताट तसंच धरून ऐकत राहिले. खाडी जन्मापासून बघत होते, पण तिचा श्वास घरात कधी ऐकला नव्हता. आई म्हणाली, बरं झालं, आता घड्याळ बघायला नको.

ही थट्टा फार टिकली नाही. ओहोटीला पाणी निघून जायचं, गाळ मात्र पाइपातच बसायचा. मग खरकटं पाणी सिंकमध्ये तुंबलं. फिटरने येऊन भिंतीबाहेरचा पाइपचा कोपर खोलला, तार घातली आणि बादलीभर काळा चिखल काढला. त्या चिखलात एक निवटी होती, जिवंत, डोळे वर काढून आमच्याकडे बघणारी. एरवी चिखलातल्या या माशाचं आमच्याकडे कालवण होतं. आईने तिला मला खाडीत सोडायला लावलं. घरात आलेल्या पाहुण्याला कसं खायचं, म्हणाली.

पुढच्या अमावास्येला पुन्हा तेच झालं, आणि त्यापुढच्या पौर्णिमेलाही. पाइप आणखी वर घ्यावा तर जोतंच बुटकं. पाणी मोरीकडे न्यावं तर उतार उलटा. बाबा वैतागले. गाळ उपसायला मला बांध कमी पडलेत का, सिंकच काढून टाकतो, म्हणाले.

त्या दिवशी आई मुकाट्याने मोरीत बसली. एक टोप घासला आणि तिला उठता येईना. मी धरायला गेले तर तिने मला बाजूला सारलं. तिथूनच, वर न बघता, बाबांना म्हणाली, "साऱ्या गावाच्या शेताला तुमी उघाडी सांभालता. माज्या पान्याला एक उघाडी करवत नाय?"

उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. भरती आली की बाहेरचं पाणीच तिला दाबून बंद करतं, आणि ओहोटी लागली की शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायचा नाही, फक्त ती धड राहील एवढं बघायचं. गावचं भात तिच्या जिवावर पिकतं, आणि ती राखायचं काम आमच्या घराकडे.

बाबांनी सागाची एक चकती तासली, तिला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं आणि पाइपच्या तोंडावर वरून पट्टीने लटकवली. डब्याच्या झाकणाएवढी ती उघाडी बघून मला हसू आवरेना. बांधावरची माणसंही बघून हसून गेली. बाबा हसले नाहीत. या उधाणाला तुंबलं तर सिंक निघालं म्हणून समज, असं त्यांनी आईला सांगून ठेवलं.

उधाण आलं. दुपारी पाणी जोत्याला लागलं. बाबा मागे गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि हात बुडवून चकती चाचपू लागले. मिटली आहे, असं त्यांनी खिडकीतून सांगितलं. आत सिंक गप्प होतं. एक बुडबुडा नाही. आईने कुणाला न विचारता तांदूळ धुतलेल्या पाण्याचा टोप त्यात ओतला. पाणी क्षणभर थांबलं. मग ते गिरकी घेऊन खाली गेलं आणि बाहेर बाबांच्या तळव्याखाली चकती हलली.

"उघडली," ते म्हणाले, देवळात बोलतात तितक्या हळू.

पलीकडून अख्खी खाडी रेटत होती, आणि आईच्या टोपातलं पाणी दार लोटून तिच्यात जात होतं. कारण साधं होतं: ओटा खाडीहून उंच, म्हणून वरच्या पाण्याचा जोर जास्त. ते तेव्हाही कळलं होतं. पण कळलं म्हणून नवल कमी झालं नाही, आजही होत नाही. आई टोपामागून टोप ओतत राहिली, बाबा चाचपत राहिले, आणि दोघांपैकी कुणालाच थांबवेना.

पाणी उतरल्यावर बाबा आत आले. त्या सिंकला त्यांनी तोवर हात लावला नव्हता. कोपरापर्यंत माखलेले हात त्यांनी तिथेच धुतले, सावकाश, पाणी खाली जाताना बघत. आई शेजारी उभी होती. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, "आता परत मोरीत बसू नको गो."