अस्मा मॅडमची साखळी

घाटंजीच्या आमच्या शाळेत अस्मा मॅडम विज्ञान शिकवायच्या. वडील मोटार मेकॅनिक, त्यामुळे हाताशी असेल त्यात काम भागवायची सवय घरातूनच आलेली. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट. त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि ती कुठे ठेवलीय हे त्यांनाही आठवत नसे.

समजातीय श्रेणी शिकवायची वेळ आली की मॅडम दहावीला मैदानात काढत. प्रत्येक पोर म्हणजे एक कार्बन. दोन्ही खांद्यांना टाचणीनं कापसाचा एकेक बोळा लावायचा, तो हायड्रोजन. मग शेजाऱ्याचा हात धरायचा. टोकाच्या पोराचा एक हात मोकळा राहतो, त्यातही एक बोळा. एकटं पोर उभं राहिलं तर मिथेन, धरायला कुणी नाही म्हणून दोन्ही हातांत कापूस. दोघं झाली की इथेन, तिघं झाली की प्रोपेन. दर वेळी एका पोराची भर, स्वभाव मात्र सगळ्यांचा सारखा. "एकाच खानदानातले आहेत," मॅडम म्हणत. माझ्याकडे इतिहास शिकवायला होता; तो तास सोडून मी खिडकीतून बघत बसे.

त्याच दहावीतल्या निकिताला पुढे विज्ञान शिकायला यवतमाळला जायचं होतं. तिनं जावं, हे मॅडमनी तिच्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं.

मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. किडक्या बोंडांतून कापूस सुटेना, दिवसभर वेचूनही वजन भरेना. किलोवर मजुरी घेणाऱ्या बाया वेचणीला येईनात, म्हणून घरोघरची पोरं वावरात गेली आणि मैदानातली साखळी आखूड होत गेली. एक दिवस निकिताही आली नाही, तेव्हा मॅडम मला सोबत घेऊन तिच्या वावरात गेल्या.

"बोर्डाचं वर्ष आहे तिचं, ताई," मॅडम तिच्या आईला, तानाबाईंना म्हणाल्या.

"मले समजत नाई काय, मॅडम? पण बाया येऊन नाई राह्यल्या. इले शाळेत धाडलं तं कापूस कोन येचन?"

मला नुसता राग येत होता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

तेवढ्यात निकिता कपाशीच्या पऱ्हाटीतून पुढे आली. खांद्यांवर कापूस चिकटलेला, दोन्ही मुठी कापसानं भरलेल्या. मॅडमना बघून ती हसली.

"पाहा मॅडम, मिथेन."

मॅडमनी तिचा हात धरायला हात पुढे केला. निकितानं मुठी आईच्या झोळीत रिकाम्या केल्या आणि त्या पुन्हा भरायला ती पुढच्या झाडाकडे वळली.