चौतीस इंच उंच माती

टेपकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं, पण पोलादी टेप हमखास असायची. छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून राबले, मशीनं बसवली, बेअरिंगं बदलली. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी टेपच्या वजनानं खिसा तसाच लोंबत असायचा. गल्लीत कुणाच्या दाराची कडी लागेना, कुणाचं कपाट जिन्यातून वर चढेना, की काकांना बोलावणं. काका यायचे, टेप सर्रकन ओढायचे, ओठ मुडपून आकडा बघायचे आणि निकाल द्यायचे, "पाव इंच खातंय." पोरांनी पाडलेलं नाव हळूहळू मोठ्यांनी उचललं आणि खरं नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं.

घरामागचं अंगण मात्र काकूंचं. बारा फूट बाय नऊ फूट, तीन बाजूंना भिंत, कोपऱ्यात एक नळ. तेवढ्या जागेत काकू चवड्यांवर बसून सकाळचे दोन तास काढायच्या. काका तिकडे फिरकायचे ते नळाचा वॉशर बदलायला. कोणतं झाड कशाचं, हे त्यांना फळ लागल्याशिवाय कळत नसे, आणि फळ लागलं तरी ते ताटात आल्यावरच त्यांचं लक्ष जाई.

त्या वर्षी थंडी सरता सरता काकूंची पाठ धरली. आधी शेक झाला, मग मलम झालं, मग तपासण्या. दुखणं मणक्यातच घर करून बसलं होतं. डॉक्टर काकूंना म्हणाले, "वाकायचं नाही. खाली बसायचं तर अजिबात नाही." आणि काकू बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर काकांना नि लेकीला म्हणाले, "हा उन्हाळा त्यांचा आनंदात जाऊ दे."

"म्हणजे किती?" काकांनी विचारलं.

"असं माप नसतं हो, काका."

जन्मभर ज्याला माप होतं तेवढंच खरं मानलेला माणूस. तो जिन्यावरून खाली उतरताना एकेक पायरी मोजत उतरला, पण खाली पोचल्यावर आकडा काही त्याच्या ध्यानात राहिला नाही.

घरी आल्यावर काकूंनी कसलीच चौकशी केली नाही. आतल्या खोलीतली खाट तेवढी मागच्या खिडकीला लावून घेतली. ऊन तापायला लागलं होतं. मागची माती भेगाळली होती. काकू एक दिवस म्हणाल्या, "जे काही व्हायचंय ते होऊ दे. पण एवढा उन्हाळा मला मातीत हात घालायला मिळायला हवा होता."

लेक म्हणाली, "आई, खिडकीत कुंड्या ठेवू ना चार."

"कुंडी म्हणजे झाडाला कोंडून ठेवणं. मी कोंडलेय तेवढं पुरे नाही का?"

काका दारात उभे होते. ते म्हणाले, "तुला वाकायचं नाही ना? मग नको वाकूस. मातीच वर आणतो."

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही घरातल्या कपाटानं तोंड उघडलं. "तुम्ही? अहो, कढीपत्ता कुठला नि कडुनिंब कुठला हे कळत नाही तुम्हाला."

"ते तू बघ. मला उंची सांग."

आणि सांगायची वाट न बघता त्यांनी काकूंना भिंतीला टेकून उभं केलं, कोपरात हात दुमडायला लावला आणि जमिनीपासून कोपराखालपर्यंत टेप लावली. चौतीस इंच. भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली. काकू हसल्या, "शाळेत पोरांची उंची मापतात तसं. मी वाढत्या वयाची वाटले काय?"

लोखंडी अँगलचे पाय करायचे आणि त्यावर फळ्यांची लांबोडकी पेटी बसवायची, असं काकांनी ठरवलं. पाच फूट लांब, दोन रुंद, एक खोल. अँगल घरातच होते. प्रश्न होता फळ्यांचा. ओल्या मातीत साधं लाकूड वर्षभरात कुजतं, हे त्यांना माहीत होतं. मग त्यांना आठवल्या कारखान्याच्या भंगारातल्या फळ्या. मशीनखाली टाकलेल्या दोन-दोन इंच जाड, चाळीस वर्षं तेल पिऊन काळ्याठिक्कर पडलेल्या. वॉचमन ओळखीचा. तो म्हणाला, "न्या की काका, इथं तरी त्यांना कोण विचारतंय." काकांनी एकेक फळी बोटाच्या पेरानं वाजवली. ना वाळवी, ना कुज. तेल लागलेली वस्तू मरत नाही, हे त्यांचं छत्तीस वर्षांचं ज्ञान. गंज चढतो तो कोरड्या वस्तूला.

पंधरा दिवस मागच्या अंगणात हातोडी, ड्रिल नि करवतीचा जल्लोष चालला. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, "टेपकाका, विमान बांधताय का?" पेटी झाली तेव्हा त्यांनी चारी बाजूंनी लेव्हल लावली. बुडबुडा अगदी मधोमध.

काकू खिडकीतून ओरडल्या, "अहो, पाण्याला वाट कुठे ठेवली? मशीन बसवताय की बाग?"

मग तळाला भोकं पडली, दोन-दोन इंचांवर, एका ओळीत. एका बाजूच्या पायांखाली वॉशर सारून उतार दिला. खाली गळणाऱ्या पाण्याला बादली ठेवली. लेकीनं पोत्यांनी माती आणली, खत आणलं.

पण या पंधरा दिवसांत काकूंचं उभं राहणं संपलं होतं. भिंतीवरची रेघ होती तिथेच होती. काकू मात्र त्या रेघेपाशी दोन मिनिटं उभ्या राहिल्या नि घाम फुटून खुर्चीत बसल्या. काकांनी खुर्चीत बसलेल्या काकूंना पुन्हा टेप लावली, माती पोत्यांत उपसून ठेवली, पेटी उलटी केली आणि हॅक्सॉनं चारी पाय कापले. करवतीच्या आवाजाबरोबर काकूंचा आवाज आला, "जपून हो. दर आठवड्याला कापत राहिलात तर पेटी जमिनीला टेकेल."

काकांची करवत थांबली. मग पुन्हा चालू झाली.

काकूंनी खुर्चीत बसून काकडी नि घेवडा लावला, कडेनं झेंडू. पहिल्यांदा मातीत हात घातला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग हात बाहेर काढून बोटं नाकाशी नेली नि बराच वेळ तशाच बसल्या.

"काय झालं?" काका.

"काही नाही. बरं वाटलं."

एव्हाना दर दिवसाआड सिस्टर घरी येऊन सलाईन लावून जायची. रिकाम्या बाटल्या नि नळ्या काकांनी मागून घेतल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या, पेटीवर दोरी ताणून उलट्या टांगल्या आणि प्रत्येक रोपाच्या मुळाशी थेंब-थेंब पाणी सोडलं. सिस्टर हसून म्हणाली, "काका, माझी नोकरी घालवणार तुम्ही." काकू खाटेवरून म्हणाल्या, "एक बाटली मला, एक काकडीला. बघू आधी कोण उभं राहतं."

आधी काकडी उभी राहिली. पाचव्या दिवशी माती फुगली नि दोन जाड पानं वर आली. काका त्या सकाळी तीन वेळा आत आले, "आली", "अजून एक आली", "घेवडा पण आला", आणि तिन्ही वेळा काकूंनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "हो का?" म्हटलं.

मग कडेची रोपं पिवळी पडली. फळीला लागून असलेला झेंडू आधी, मग घेवडा.

"ऊन लागलं," काकू म्हणाल्या.

काकांनी जुन्या चादरीला कड्या ठोकून छप्पर केलं. ऊन सरकेल तसं सरकवायला त्या कड्या तारेत ओवल्या. रोपं पिवळीच.

"पाणी जास्त होतंय."

काकांनी घड्याळ हातात धरून थेंब मोजले, नळीचं चाक फिरवून मिनिटाला वीसचे बारा केले. रोपं माना टाकत राहिली.

"हवा लागत नाही मुळांना. माती हलवा जरा."

रोज नवं कारण, रोज नवं काम. काका सकाळी उठले की आधी मागे, जेवले की मागे. खाटेजवळ बसून काकूंच्या उतरत चाललेल्या चेहऱ्याकडे बघायला त्यांना सवड उरत नव्हती. बोलायचं म्हणून काय बोलावं, हाही प्रश्न नव्हता. बोलायला काकडी होती. लेक एकदा हळूच आईला म्हणाली, "तुला ठाऊकच असेल ना, नेमकं काय होतंय त्या रोपांना?" काकूंनी तोंडावर बोट ठेवलं.

एका सकाळी बादली ओतायला म्हणून काकांनी उचलली आणि तशीच धरून राहिले. गढूळ पाण्यावर तवंग होता. निळा, जांभळा, सोनेरी. उन्हात फिरणारा. तो तवंग त्यांनी आयुष्यात हजारदा पाहिला होता, पण कारखान्याच्या फरशीवर. त्यांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. मशीन ऑइल.

बादली खाली ठेवून ते आत आले. काकू जाग्या होत्या.

"फळ्यांतलं तेल उतरतंय मातीत."

काकूंनी नजर खिडकीकडे वळवली.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. हाताला वास आला ना. छत्तीस वर्षं तुमचे कपडे धुतलेत मी, मला तो वास कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस? दुसऱ्या फळ्या लावल्या असत्या. दोन दिवसांचं काम!" काकांचा आवाज चढला होता. "महिना गेला गं. आपला महिना गेला."

"गेला नाही. चांगला गेला." काकू दम घेत घेत म्हणाल्या, "डॉक्टरकडून आलात त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. भिंतीकडे तोंड करून बसला होतात. मग ती पेटी सुरू झाली नि तुम्ही चालते-बोलते झालात. आता चूक झाली म्हटलं असतं, तर पुन्हा भिंतीकडे बसला असता. मला तसं बघवलं नसतं."

काका खाटेच्या कडेला बसले. कितीतरी दिवसांनी बसले. "पण तुला बाग हवी होती."

"हवी होती."

"आजच नवी पेटी करतो. पत्र्याची. परवापर्यंत..."

"नको. परवाचं नका सांगू. खाली मोकळी जमीन आहे ना, ती खणा. आत्ता. मी इथून सांगते."

लेकीनं नि काकांनी पेटी उचलून भिंतीकडे नेली. काका उकिडवे बसले, गुडघे कडकडा वाजले, काकू खिडकीतून म्हणाल्या, "तेल घाला त्यांना." लेक हसली आणि लगेच तोंड फिरवून नळापाशी गेली.

काकांनी ढेकळं फोडली. बियांच्या डब्यात तळाशी दोन-तीन वर्षांचं उरलेलं मिसळून पडलं होतं, बहुतेक फुलांचं. काकांनी टेप बाहेर काढली नि जमिनीवर अंथरली.

"ती ठेवा खिशात. मुठीनं फेका."

"किती अंतरावर?"

"फेका म्हटलं ना! पडेल तिथे पडेल."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट न मोजता टाकली. हात इतका अवघडला होता की अर्धं बी एकाच जागी पडलं.

"आता वरून माती. अर्ध्या पेराएवढी."

"म्हणजे पाव इंच."

"म्हणजे अर्धं पेर! आणि दाबू नका एवढं. बोल्ट नाहीये तो."

ऊन खिडकीच्या कठड्यावरून सरकेपर्यंत हे चाललं. दुसऱ्या दिवशी काकूंनी मान वळवून बाहेर बघितलं, "ओल आहे ना?" एवढं विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी सिस्टरनं नळी काढून गुंडाळली आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

माणसं आली, बसली, गेली. लेक राहिली. या सगळ्या गडबडीत कोण पाणी घालत होतं कुणास ठाऊक, बहुधा शेजारीण. आठवड्यानं काका मागच्या दारात आले तर जमीन हिरवी झाली होती. सगळीकडून बारीक बारीक काहीतरी उगवलेलं. गोल पानं, टोकदार पानं, केसासारखी पानं.

लेक मागून आली. "बाबा, यात गवतच जास्त दिसतंय. काढून टाकू?"

"थांब."

काका उकिडवे बसले. एक रोप दोन बोटांत धरलं, सोडलं. दुसरं धरलं. दोन्ही तितकीच कोवळी, तितकीच हिरवी. मुठीनं फेकलेलं, ओळ नाही, अंतर नाही, खूण नाही.

"यातलं तिनं पेरायला लावलेलं कुठलं?"

लेक शेजारी बसली. बराच वेळ वाकून बघत राहिली. "मला पण नाही कळत, बाबा. थांबा, आईला..." म्हणाली, आणि तिचं वाक्य तिथेच राहिलं.

काकांनी एकही पान उपटलं नाही. झारी भरून आणली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जे जे उगवलं होतं त्या सगळ्याला पाणी घातलं.