पगारेताईंची अट

महापालिकेच्या निवडणुकीचं तिकीट मला मिळालं नाही ते पगारेताईंमुळे, आणि त्याबद्दल माझी बायको आजही त्यांना दुवा देते.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागे आमच्या पक्षाचं कार्यालय. तिथे इच्छुकांच्या मुलाखती चालल्या होत्या. मी शाळामास्तर, बोलायला काय तोटा! पाणी, गटारी, घंटागाडी, सगळं दणक्यात सांगून झालं. टेबलाच्या कडेला जाड चष्म्याच्या एक ठेंगण्या बाई शेंगा सोलत बसल्या होत्या, त्याच पगारेताई. मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, वार्डातली एक बाई रडत आली. म्हनली, पोट राह्यलंय, मला नकोय, आन् घरचे ऐकत नाय. तुमी काय करनार?"

म्हणालो, "मी... मिसेसना विचारून सांगतो."

सगळे हसले. ताईंनी मात्र चार दाणे माझ्या हातावर ठेवले. "नापास. पन तुमी निदान बाईला इचारतो म्हनले. बाकीचे म्हनले, तिच्या नवऱ्याला इचारतो."

ताई मूळच्या चांदवडकडच्या. सगळी नोकरी महापालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स म्हणून झाली. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "निम्मी पंचवटी माझ्या हातावर जन्मली, अजून किती संसार करू?" निवृत्त होऊन पक्षात आल्या त्या एकच अट घेऊन. मूल ठेवायचं की नाही हे त्या बाईनं ठरवायचं, आणि हे ज्याला मान्य नाही त्याची आमच्या प्रभागातून शिफारस करायची नाही.

प्रभागाध्यक्ष भाऊसाहेब कळवळून सांगत, "ताई, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पक्षानं अट कशी घालायची? मतं जातील."

"प्रसूतिगृह म्हापालिकेचं ना? तिथं ह्या कामासाठी डॉक्टर बसवायचा का नाय, ते तुमचा नगरसेवक ठरवनार ना? मंग त्याच्या मनात काय हाय ते मला आधी कळाया पायजे."

भाऊसाहेबांनी अखेर हात टेकले. त्यांचा स्वतःचा जन्मही ताईंच्याच हातचा, हेही एक कारण असावं.

मुलाखती झाल्या, पण निवडणुका वर्षानुवर्षं लांबत गेल्या. त्या काळात ताईंनी सुनीताला तयार केलं. ही मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या घरची सून, दोन मुलींची आई. आधी माईक हातात आला की थरथरायची. ताई तिला भर बाजारात बोलायला उभी करत. पुढे पुढे ती बोलायला लागली की कोथिंबीरवाले ओरडायचे थांबत. सीट तिचीच, हे विरोधकही मान्य करत होते. ताईंना तर तिचं कोण कौतुक!

आणि तिकीट ठरायच्या आठवड्यातच कळलं की सुनीताला दिवस गेलेत. आपल्याकडे कायदा असा, की तिसरं मूल झालं की नगरसेवकपद गेलं. भाऊसाहेबांनी ताईंना बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. "ताई, तुमचीच अट कामाला आली बघा. दवाखाना तुमच्या ओळखीचा, दिवसही फार झालेले नाहीत. उरकून टाका." सुनीताच्या नवऱ्यानं मान डोलावली, सासऱ्यांनीही डोलावली. सुनीता भिंतीकडे बघत होती.

ताई उठल्या. "सगळे गडी भायेर."

"अहो, हे माझं ऑफिस आहे!"

"हाय ना. मंग जाताना दार तुमीच लावा."

आम्ही बाहेर भाजीच्या पाट्यांजवळ उभे राहिलो. बराच वेळ गेला. दार उघडलं तेव्हा दोघींचेही डोळे लाल होते. सुनीता ताईंनी शिकवलं होतं तशी ताठ उभी राहून म्हणाली, "मला नगरसेविका व्हायचं होतं. लय व्हायचं होतं. पण मला हे मूल हवंय. तिकीट दुसरीला द्या."

"अहो ताई, पण तुमची अट...!" भाऊसाहेब ओरडले.

"माझी अट 'पाडा' अशी नव्हती, भाऊसाहेब. 'तिला इचारा' अशी व्हती."

तिकीट दुसरीला गेलं आणि आम्ही सपाटून हरलो. भाऊसाहेब महिनाभर ताईंशी बोलले नाहीत. ताईंनी पोटच्या लेकीसारखी तयार केलेली उमेदवार हातची गेली. निकालाच्या दिवशी त्या जेवल्याही नाहीत. मला त्यांचं फार वाईट वाटलं. आता त्या चांदवडला भावाकडे राहायला गेल्या आहेत. कार्यालयात शेंगांची टरफलं पडत नाहीत, आणि तो प्रश्न इच्छुकांना स्वतः भाऊसाहेबच विचारतात.

जायच्या आधी ताईंचं एक काम उरलं होतं, ते म्हणजे बारसं. सुनीताला नणंद नाही, म्हणून आत्याचा मान ताईंना. आत्यानं पाळण्यावर वाकून कानात नाव सांगायचं आणि मागून बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. बायका हात उगारून तयारच होत्या. ताई वाकल्या, काहीतरी कुजबुजल्या, आणि सुनीताच्या तिसऱ्या लेकीनं असं भोकाड पसरलं की मांडव हादरला. ताई सरळ झाल्या.

"काय झालं?" सुनीतानं विचारलं.

"नाव चालंल का, म्हून इचारलं. नाय म्हनती. थांबा जरा."

भाऊसाहेब पोट धरून हसले. आणि बायका खरोखरच हात खाली घेऊन, पोरगी शांत होईपर्यंत थांबल्या.