नणंदबाईंचं गणित

माझी नणंद एका जागी स्वस्थ बसलेली आजवर कुणीही पाहिलेली नाही. हे विधान तिच्यासमोर केलं तर ती लगेच विचारेल, ‘कुणीही म्हणजे अगदी कुणीच नाही? सगळ्यांना विचारलंस तू?’ म्हणून ते तिच्या माघारीच केलेलं बरं. मी लग्न होऊन कांदिवलीच्या घरात आले तेव्हा ती बारावीत होती. आमचं घर तेव्हा दोन खोल्यांचं, त्यात पाच माणसं, आणि या सगळ्यांच्या मधून ही ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत केसांत पेन्सिल खोचून फेऱ्या मारायची. जेवताना दोन घास झाले की उठायची, काहीतरी लिहून यायची, मग परत ताटावर. लिहायला कागदच हवा असं नव्हतं. लग्नपत्रिकांच्या पाठी, न्हाणीघरातला वाफेने धुरकटलेला आरसा, काहीही चालायचं. एकदा पोळपाटावरच्या पिठात बोटाने काहीतरी मांडून ती पेन्सिल शोधायला गेली आणि तेवढ्यात सासूबाईंनी त्यावर पोळी लाटली, तर दोन दिवस घरात अबोला होता. ‘गो, बस मगे एका जाग्यार,’ सासूबाई दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. सासरे काहीच म्हणायचे नाहीत. त्यांनी आयुष्य गिरणीत काढलं, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले, आणि दोन्हीकडे मिळून त्यांची बोलायची सवय गेली असावी. ते नुसते पाय आखडून घ्यायचे, तिला फेरी मारायला जागा व्हावी म्हणून.

बारावीला तिला गणितात शंभरातले नव्याण्णव मिळाले आणि घरात तिचं राज्य आलं. तेव्हा ती थोडी आगाऊच होती, हे तीही आता कबूल करते. भाजीवाल्याच्या आधी हिशेब सांगायची, माझा नवरा बोलत असताना त्याचं वाक्य पुरं करायची, आणि कुणी जरा सावकाश विचार करत असेल तर हिचे पाय चुळबुळायला लागायचे. पुढचा बेत पक्का होता. बीएस्सीला गणित घ्यायचं, कारण ते येतंच. तीन वर्षं मजेत काढायची. मग विमा कंपनीत नाहीतर बँकेत, वांद्र्याला काचेच्या इमारतीत नोकरी. ‘वहिनी, तू बघच. गणितवाल्यांना सगळीकडे उचलतात,’ ती म्हणायची, आणि मला ते पटायचंही. मी बोरिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. मला आजवर कुणी उचललेलं नाही.

कॉलेज सुरू होऊन महिना झाला असेल. एका संध्याकाळी ती घरी आली ती संतापूनच. सरांनी फळ्यावर एक रेघ काढली होती. रेघ शून्याच्या खालून निघते, कुठेही न तुटता शून्याच्या वर पोचते, तर ती मध्ये कुठेतरी शून्याला ओलांडणारच, हे सिद्ध करून आणा, असं त्यांनी सांगितलं होतं. ‘अगं दिसतंय की ते,’ ती मला म्हणाली. ‘आंधळ्याला पण दिसेल. दिसतंय ते सिद्ध काय करायचं?’ मी म्हटलं, तसं लिहून दे. तिने खरंच तसं लिहून दिलं आणि सरांनी खाली लाल शाईने एवढंच लिहून परत केलं, ‘कुठे दिसतंय?’ त्या दोन शब्दांनी तिची झोप उडवली. तोवरचं गणित म्हणजे उत्तर काढायचं, आणि उत्तर तिला कुणाहीपेक्षा लवकर यायचं. इथे उत्तर आधीच माहीत होतं आणि तरी काहीच येत नव्हतं. परीक्षेत त्या विषयात ती नापास झाली, केटी लागली.

हे आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं. तोवर ती निकाल लागलाच नाही म्हणून सांगत होती आणि रोज कांदिवलीहून बोरिवलीपर्यंत चालत जाऊन परत येत होती. कळलं तेही तिनेच सांगितलं म्हणून. एका रविवारी तिने मला गोराईला चल म्हटलं. होडीतून पलीकडे गेलो, सुकत घातलेल्या मासळीच्या वासातून बरंच चाललो, आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर मी दमून बसले. ती उभीच. चपलेने वाळू उकरत म्हणाली, ‘वहिनी, मी हुशार नाहीये. मला फक्त उत्तरं लवकर यायची. लोक त्यालाच हुशारी म्हणत होते आणि मी पण.’ मी म्हटलं, विषय बदल, कॉमर्सला जा, अजून वेळ आहे. तिने चपलेतली वाळू झटकली. मग म्हणाली, ‘नको. ती रेघ का ओलांडते ते मला खरंच माहीत नाहीये. ते कळल्याशिवाय कशी जाऊ?’ मला त्यातलं काही समजलं नाही, पण ती रडत होती हे समजलं, म्हणून मी तिला कोकम सरबत पाजलं.

त्यानंतर नणंदबाई बदलल्या. चालणं थांबलं नाही, उलट वाढलं, पण बोलणं सावकाश झालं आणि ‘मला कळलं नाही, परत सांगा’ हे वाक्य तिच्या तोंडात कायमचं बसलं. डॉक्टरला, बँकेतल्या बाईला, पूजेला आलेल्या भटजींना, सगळ्यांना ती हे इतक्या नम्रपणे म्हणायची की समोरच्याला घाम फुटायचा. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची सभा भरली तेव्हा बिल्डरचा माणूस म्हणाला, ‘सर्वांना आधीपेक्षा मोठी जागा मिळेल.’ ही मागून उठली. ‘मला कळलं नाही. सर्वांची मिळून मोठी, की प्रत्येकाची मोठी?’ तो हसला. हिने तेच परत विचारलं. पाचव्यांदा विचारल्यावर त्याने नकाशा उघडला, आणि तळमजल्याच्या चार घरांची जागा जेवढ्यास तेवढीच राहणार असल्याचं निघालं. सभा साडेतीन तास चालली. शेवटी त्या चार घरांचंही मोजमाप वाढवून घेतलं, आणि तेव्हापासून सेक्रेटरी कुठलाही कागद आला की आधी आमच्याकडे पाठवायला लागले. मुलुंडच्या एका स्थळाच्या बाबतीत मात्र याच गुणाने घोटाळा केला. मुलाची आई म्हणाली, ‘आमच्या घरात कुणी कधी आवाज चढवत नाही.’ हिने विचारलं, ‘कधीच?’ आई म्हणाली, ‘कधीच नाही.’ मुलाचे वडील म्हणाले, ‘गेल्या गणपतीत तू चढवला होतास.’ मग आईंनी जो आवाज चढवला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. स्थळ गेलं. हिला खरंच वाईट वाटलं. मुलगा तिला आवडला होता.

एमएस्सी झाली आणि अंधेरीत नोकरी लागली. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र, सासूबाईंनी शेजारी पेढे वाटले. आठ महिने बरे गेले. मग एका अहवालात तिला असं लिहायचं होतं की कंपनीने एका क्लायंटच्या ॲपमध्ये केलेल्या बदलामुळे गिऱ्हाइकं वाढली. तिचा साहेब म्हणाला, ‘आलेख वर जातोय ना?’ ती म्हणाली, ‘जातोय. पण त्याच महिन्यात सुट्ट्या पण होत्या. आपल्यामुळे जातोय हे यातून निघत नाही.’ तो म्हणाला, ‘क्लायंटला एवढं कशाला सांगायचं यार?’ तिने अहवालाखाली नाव घालायला नकार दिला. त्यांनी दुसऱ्याचं नाव घातलं आणि तिला एका शब्दाने दुखावलं नाही. राजीनामा तिनेच दिला. पुढची नोकरी सहा महिने टिकली, तिसरी चार.

तेव्हा घरात जे झालं ते आठवायला मला आवडत नाही. माझा नवरा शांत माणूस, पण त्या दिवशी म्हणाला, ‘तुला नक्की व्हायचंय तरी काय?’ ती म्हणाली, ‘माहीत नाही, दादा.’ ‘सव्वीस वर्षांची झालीस. माहीत नाही हे काय उत्तर आहे?’ ती म्हणाली, ‘खरं उत्तर आहे.’ तो जेवणावरून उठला. खरं सांगायचं तर रागावले मीही होते. मी इतकी वर्षं तेच रिपोर्ट टाइप करत होते, यातून काय निघतं आणि काय निघत नाही हे कधी विचारलं नव्हतं, आणि ही मुलगी तीन नोकऱ्या त्यापायी सोडून घरात फेऱ्या मारत होती. मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. तिने ते ओळखलं, आणि कारण विचारलं नाही.

मग ती गोरेगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. पहिल्याच तासाला वर्गाला सांगितलं की मला याच विषयात केटी होती, आणि मार्क किती ते फळ्यावर लिहिलं. मुलं घरी येऊ लागली. सोबत तिने पीएचडीसाठी अर्ज केले. दोन ठिकाणी नकार आला. तिसरी मुलाखत दक्षिणेत, एका संस्थेत होती. दुपारी मी लॅबमध्ये असताना तिचा फोन आला. ‘त्यांनी एक प्रश्न दिला. मी म्हटलं, मला येत नाही, पण करून बघू का? पाऊण तास फळ्यापाशी होते.’ ‘मग आलं उत्तर?’ मी विचारलं. ‘नाही आलं. दोन वाटा चुकल्या. दुसरी का चुकली तेवढं मात्र सांगता आलं.’ मी तिला समजवायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, ‘वहिनी, त्यांनी घेतलंय मला.’

गेली ती गेलीच. आता दिवाळीला चार दिवस येते. गेल्या खेपेला सासऱ्यांनी, कधी नव्हे ते, विचारलं की तू तिथे दिवसभर करतेस तरी काय. तिने त्यांच्यासमोर वही उघडली. तासभर ती सांगत होती, चित्रं काढत होती, खोडत होती, हात हवेत फिरवत होती, आणि सासरे मान न हलवता बघत होते. संध्याकाळी ती विमानतळाकडे गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं. मी चहा दिला आणि सहज विचारलं, ‘कळलं का हो काही, बाबा?’

‘माका काय्येक कळाक नाय,’ ते म्हणाले. मग चहा बशीत ओतून, निवेपर्यंत थांबून म्हणाले, ‘पण सांगताना तिचो चेहरो बघलंस?’

बघितला होता. मी पदर खोचून भांडी घासायला गेले, आणि बराच वेळ एकच पातेलं घासत राहिले.